फावल्या वेळचे उद्योग : समुद्रावरच्या गळाचीं कडीं

जालन्याहून एका वयोवृद्ध वाचकांचें पत्र आलें आहे. त्यांची नात रत्नागिरीजवळ शिरगांव येथील मत्स्य महाविद्यालयांत शिकते. सुटींत घरीं आली असतां तिनें समुद्राच्या पुळणीवरून लांबवर गळ फेंकण्याची १३ फुटी काठी स्वतःच्या हातानें बांधावयास घेतली आहे. काठीचा कोरा दांडा, ज्याला बाजारांत ‘ब्लँक’ म्हणतात, तो आला, रीळही आलें. परंतु दोरा ज्यांतून धांवतो तीं कडीं, म्हणजे ‘गाइड’, कोणत्या मापाचीं घ्यावीं यावरून घरांत दोन पक्ष पडले आहेत. काकांचें जालन्याच्या औद्योगिक वसाहतींत लेथचें काम. त्यांचें म्हणणें, “बाळ, भोंक जितकें मोठें तितका दोरा मोकळा. सगळीं मोठींच घे.” पुतणीचें उत्तर, “काका, टोंकाला वजन झालें कीं काठी मरते. मी सगळीं बारीक घेणार.” आजोबा लिहितात, “दोघांनाही आपलें म्हणणें सोडवत नाहीं आणि पैसे तर एकदांच खर्चावयाचे. आपण निवाडा करावा. शिवाय आमच्या घरांत मासळी कधीं शिजली नाहीं. तेव्हां हा उद्योग आपल्या पानांवर शोभेल कीं नाहीं, हेंही कळवावें.”

दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर आधीं देतों, कारण तें थोडक्यांत आटोपण्यासारखें आहे. मराठवाड्यावर ज्यांची सत्ता होती त्या कल्याणीच्या चालुक्यांपैकीं तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकांत ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. राजानें मन कशांत रमवावें हें सांगतांना त्यांत ‘मत्स्यविनोद’ असें एक स्वतंत्र प्रकरण आलें आहे. माशांच्या जाती कोणत्या, त्यांस आमिष काय घालावें, गळ कसा टाकावा, याचा त्यांत विचार आहे. सुप्रसिद्ध मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सुंदरलाल होरा यांनीं १९५१ सालीं ह्या प्रकरणावर निबंध लिहिला. तेव्हां हा विषय आपल्याकडे नवा नाहीं आणि परकाही नाहीं. ताटांत काय वाढावें हा ज्या त्या घरचा प्रश्न आहे. त्यांत मासिकानें पडूं नये. वैद्यकीच्या विद्यार्थ्यास शव चिरावें लागतें, तसें मत्स्यशास्त्राच्या विद्यार्थिनीस मासा हातीं धरावा लागणारच. पकडलेला मासा सोडून द्यावयाचा असेल, तर गळाच्या टोंकाशीं असलेला उलटा कांटा पकडीनें दाबून सपाट करावा आणि मासा ओल्या हातानें धरावा. मात्र सोडून दिला म्हणजे त्यास कांहीं इजा झालीच नाहीं, अशी सोईस्कर समजूत कोणीं करून घेऊं नये.

आतां कड्यांकडे वळूं. ह्या वादांत प्रश्न मोठीं कीं बारीक असा घातला गेला, तेथेंच गोंधळ झाला. काठीच्या बुडाशीं असलेल्या कड्यांतून दोऱ्याचीं वेटोळीं जावयाचीं असतात आणि शेंड्याकडच्या कड्यांतून दोऱ्याची गांठ जावयाची असते. ज्याला जें जाऊं द्यावयाचें, त्याप्रमाणें त्याचें माप. एक माप साऱ्या काठीला लागूं पडत नाहीं.

रिळाचे मुख्य प्रकार दोन. एकांत दोरा गुंडाळलेलें स्पूल स्वतः फिरतें व दोरा सरळ सुटतो. अशा काठीला आरंभींचें कडेंही बेताचेंच पुरतें. दुसऱ्यांत फेंकतांना स्पूल स्थिर असतें आणि दोरा त्याच्या तोंडाच्या कांठावरून वेटोळीं घेत निसटतो. पत्रांत प्रकार लिहिलेला नाहीं. पण नवशिक्याच्या हातीं बहुधा हा दुसराच प्रकार येतो, म्हणून तोच धरून चालतों.

हीं वेटोळीं काय करतात हें घरबसल्या पाहतां येतें. शिवणाच्या यंत्राचें दोऱ्याचें रीळ एकानें घट्ट धरावें आणि दुसऱ्यानें दोरा त्याच्या तोंडाच्या दिशेनें झटकन ओढावा. हवेंत भिंगरीसारखीं वेटोळीं दिसतील. आतां रिळाच्या अगदीं पुढ्यांत एक अंगठी धरून तिच्यांतून दोरा ओढा. तो अंगठीच्या कांठावर फटके मारील, अडखळेल. तीच अंगठी हातभर लांब न्या. दोरा निमूटपणें जाईल. आणि रिळाजवळच अंगठीऐवजीं बांगडी धरलीत तरीही तो निमूटपणें जाईल. म्हणजे कड्याचें माप आणि त्याचें रिळापासूनचें अंतर हे दोन निराळे प्रश्न नाहींत. कडें जितकें रिळाजवळ तितकें मोठें हवें. लांब नेलें तर लहान चालतें. मात्र फारच लांब नेलें तर मधल्या मोकळ्या जागेंत दोरा काठीवर आपटूं लागतो.

हाच प्रयोग शिवणाचा दोरा टाकून नायलॉनच्या दोऱ्यानें करून पाहावा. कोंकणांत ज्याला तंगूस म्हणतात तो हा एकपदरी दोरा ताठ असतो. रिळावर बसलेला आकार तो लवकर सोडीत नाहीं, म्हणून त्याचीं वेटोळीं लांबपर्यंत मोठींच राहतात. अनेक तंतूंचा विणलेला दोरा त्याहून फार मऊ व बारीक. त्याचीं वेटोळीं लवकर मिटतात. त्यामुळें कोणता दोरा वापरणार हें ठरल्याखेरीज कड्यांची यादी करणें व्यर्थ आहे. पत्रांत नेमकें हेंच राहिलें आहे.

समुद्रावरच्या मोठ्या रिळाच्या स्पुलाचा व्यास ७० ते ८० मिलिमीटर असतो. त्यावर तंगूस भरावयाचा असेल तर पहिलें कडें ५० नंबरचें, मग ४०, ३०, २०, १६ आणि अगदीं शेंड्याचें १६, ही जुनी व विश्वासाची मांडणी. नरसाळ्याप्रमाणें तीं एकापुढें एक लहान होत जातात आणि वेटोळ्यांना न दुखवतां हळूहळू सरळ करतात. पहिलें कडें स्पुलापासून तीन-चार फुटांवर येतें. विणलेला दोरा असेल तर ४० किंवा ३० पासून आरंभ करून २० व १६ वरून लवकरच १२ वर उतरतां येतें. कडीं मात्र एक-दोन अधिक लागतात. वेटोळीं कोठवर मिटलीं पाहिजेत हें ठरविण्याची एक सोपी युक्ति आहे. रीळ काठीला बसवावें आणि स्पुलाच्या मधल्या दांड्याच्या रोखानें एक दोरी पुढें ताणावी. रिळाचा दांडा काठीकडे किंचित् कललेला असतो, म्हणून ती दोरी पुढें कोठेंतरी काठीला मिळते. नरसाळें तेथें संपलें पाहिजे. तेथून शेंड्यापर्यंत सारीं कडीं एकाच लहान मापाचीं घ्यावीं.

येथवर काकांचा पक्ष अर्धा खरा ठरला. शेंड्याकडे मात्र त्यांचें चालणार नाहीं, आणि त्याचें कारण त्यांना कारखान्यांतल्या पोलादी फुटपट्टीनेंच दाखवितां येईल. पट्टीचें एक टोंक मेजावर दाबून धरावें, दुसरें बाहेर काढून टिचकी मारावी. ती झरझर कांपेल. आतां बाहेरच्या टोंकाला कणकेची एक लहानशी गोळी चिकटवून पुन्हां टिचकी मारावी. कंप स्पष्टपणें मंद होतो. तीच गोळी मेजाजवळ सरकविली तर फरक जाणवतही नाहीं. काठी हीही एक लांब पट्टीच आहे. फेंकतांना ती वांकते आणि उलट उसळून शिशाला गति देते. ही उसळी शेंड्यावरच्या चार ग्रॅम वजनानेंही बोथट होते. बुडाशीं तेंच वजन असलें तर तिकडे लक्ष देण्याचें कारण नाहीं. म्हणून ५० चें जड कडें खालीं सुखानें बसवावें, आणि वरचीं मात्र जितकीं हलकीं मिळतील तितकीं घ्यावीं.

पण किती बारीक? नातीनें थांबावें तें येथें, आणि ह्या पत्राला एवढ्या विस्तारानें उत्तर देण्याचें कारणही हेंच आहे.

समुद्रावर फेंकावयाचें शिसें १२५ ग्रॅम धरूं. हवेचा अडथळा मुळींच नसता, तरीही तें १०० मीटरवर पडण्यास सुटतांना त्याचा वेग सेकंदास निदान ३१ मीटर, म्हणजे ताशीं सुमारें ११३ किलोमीटर असावा लागतो. घरांतल्या विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनीं हें गणित ताडून पाहावें. हवा आहे, म्हणून प्रत्यक्षांत वेग याहूनही अधिक हवा. क्रिकेटचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमांचा असतो. म्हणजे वेगवान गोलंदाजाच्या चेंडूहून वजनानें थोडेंच कमी, पण आकारानें अगदीं लहान व कठीण, असा हा शिशाचा गोळा आहे.

एवढा हिसका १५ पौंडी बारीक दोऱ्याला सोसत नाहीं. म्हणून त्याच्या पुढें एक जाड दोरा जोडतात. दर औंस शिशामागें १० पौंड ताकद, असा त्याचा व्यवहारांतला नियम आहे. १२५ ग्रॅम म्हणजे जवळजवळ साडेचार औंस. तेव्हां जाड दोरा ५० पौंडांचा घ्यावा. तो इतका लांब असावा कीं शिसें लोंबतें ठेवल्यावरही रिळावर त्याचे पांच-सहा वेढे राहतील. ह्या दोन दोऱ्यांना जोडणारी गांठ फेंकण्याच्या क्षणीं रिळावर असते, आणि शिसें सुटतांच सगळ्या कड्यांतून ऐन वेगांत निघून जाते. एखाद्या बारीक कड्यांत ती क्षणभर जरी अडकली, तरी बारीक दोरा तुटतो आणि शिसें मोकळें सुटून फेंकणाराच्या कह्यांतून जातें. रोख थोडा जरी चुकलेला असला तरी तें समुद्राकडे जाईल याची खात्री नाहीं. रत्नागिरीच्या भाट्याच्या पुळणीवर संध्याकाळीं सहकुटुंब फिरावयास येणारांची वर्दळ असते. मुलें वाळूंत खेळत असतात. तेव्हां शेंड्याच्या कड्याचें माप हा लांब फेंकण्याच्या हौसेपुरता प्रश्न राहत नाहीं.

येथें काकांच्या व्हर्नियर मापकाचें काम आहे. बाजारांतला १२ किंवा १६ हा आंकडा बहुतेक कारखानदार कड्यांत बसविलेल्या गुळगुळीत वळ्याच्या बाहेरच्या व्यासाचा देतात. १२ च्या कड्याची आंतली पोकळी त्यामुळें ८-९ मिलिमीटरच भरते. यादींतील आंकड्यावर विसंबूं नये. प्रत्येक कड्याची पोकळी मोजावी. मग जो बारीक व जो जाड दोरा प्रत्यक्ष वापरावयाचा, त्याच दोघांची गांठ नातीनें स्वतःच्या हातानें बांधावी, शेपट्या कापाव्या आणि ती गांठ कड्यांतून सरळ, तिरपी, हळू, झटकन अशी वीस-पंचवीस वेळां ओढून पाहावी. बोटाला टिचकीएवढाही अडथळा जाणवला तर तें कडें नापसंत करून वरचें माप घ्यावें. तंगुसाला १६ च्या खालीं जाऊं नये असें आमचें मत आहे. विणलेल्या दोऱ्याची गांठ बारीक होते, त्याला १२ चालेल. त्याहून लहान कडीं नदी-तळ्यावरच्या हलक्या काठ्यांना शोभतात, येथें नकोत.

मापें ठरलीं तरी लगेच बांधावयास बसूं नये. सारीं कडीं आधीं नुसत्या चिकटपट्टीनें बसवावीं. एक पथ्य असें कीं, काठीचे तुकडे जेथें एकांत एक बसतात त्या सांध्यावर कडें येतां कामा नये. दोरा ओवून त्याचें टोंक खुंटीला बांधावें आणि काठी वर उचलून चांगली वांकवावी. दुसऱ्या कोणीं तरी बाजूला उभें राहून पाहावें. दोरा काठीच्या वांकाला धरून गेला पाहिजे. दोन कड्यांच्या मध्यें तो धनुष्याच्या दोरीसारखा सरळ आडवा जात असेल तर त्या ठिकाणीं अंतर फार झालें. शेंड्याकडे काठी अधिक वांकते, म्हणून तेथें कडीं जवळजवळ व खालीं विरळ, असा क्रम आपोआप येतो. ह्या कामीं छापील कोष्टकापेक्षां डोळा अधिक उपयोगी पडतो.

यानंतर फेंकून पाहणें. जालन्याला समुद्र नाहीं म्हणून हें अडत नाहीं. उलट अंतर मोजावयास समुद्रापेक्षां जमीनच बरी. रब्बीची ज्वारी, हरभरा निघाल्यावर मोकळें झालेलें रान, मालकाची परवानगी घेऊन, पाहावें. गळ न लावतां नुसतें शिसें बांधावें. पुढें दोनशे मीटर कोणी माणूस, गुरूं, रस्ता नसावा. बघणारांनीं बाजूलाही उभें न राहतां चांगलें मागें दूर उभें राहावें. पण मैदान पसंत करण्याआधीं मान वर करून विजेच्या तारा कोठें आहेत तें पाहावें. आपल्या रानांवरून ११ हजार व्होल्टांच्या तारा जातात, आणि काठी कार्बनची असते. दिसावयास ती निरुपद्रवी दिसली तरी कार्बनमधून वीज वाहते. १३ फुटांची काठी उंच हातांत धरली म्हणजे तिचें टोंक कोठवर जातें याचा अंदाज भल्याभल्यांना राहत नाहीं. आणि ओला दोरा तारेवर पडला तरी धोका आहेच. ज्या रानावरून तार जाते तें रान सोडावें, मग तें कितीही सोईचें असो. आकाशांत वीज चमकत असेल त्या दिवशीं काठी बाहेरच काढूं नये.

फेंकतांना कान द्यावा. दोरा कड्यांतून जातांना नुसती शीळ आली तर ठीक. फटफट असा आवाज आला तर पहिलें कडें लहान आहे किंवा जवळ आहे. तें चार बोटें पुढें सरकवून पुन्हां फेंकावें. चिकटपट्टीची मौज हीच कीं चूक दुरुस्त करावयास कांहीं खर्च लागत नाहीं. प्रत्येक फेरबदलानंतर चार-पांच वेळां फेंकून मधलें अंतर वहींत लिहून ठेवावें.

अंबड, घनसावंगी व परतूर तालुक्यांच्या कडेनें गोदावरी वाहते. शहागड, जोगलादेवी वगैरे ठिकाणचें रुंद पाणी पाहून काठी तेथेंच नेण्याचा मोह होईल. पण अशा पाण्यांतील मासेमारीचा हक्क पुष्कळदां स्थानिक सहकारी संस्थांकडे असतो. भोई मंडळींचीं जाळीं त्यांत पसरलेलीं असतात व त्यांवर त्यांचीं घरें चालतात. विचारल्यावांचून तेथें शिसें भिरकावणें हें असभ्यपणाचें होईल.

विकत घेतांना प्रत्येक कड्याच्या आंतून कापसाचा बोळा फिरवावा. वळें चिनी मातीसारख्या कठीण पदार्थाचें असतें. त्याला केसाएवढी चीर असली तरी कापसाचे तंतु अडकतात आणि तेंच कडें पुढें दोरा कातरतें. चौकट गंजरहित पोलादाची असावी. साध्या लोखंडावर चढविलेला मुलामा खाऱ्या पाण्यापुढें फार दिवस टिकत नाहीं. कड्याच्या पायांचीं टोंकें बहुधा जाड व धारदार असतात. तीं कानशीनें घासून निमुळतीं करावीं, नाहींतर वांकतांना दांड्यांत रुततात. दोऱ्याचे वेढे काठीवर घट्ट, पण कडें अंगठ्यानें थोडें हलवितां येईल इतपतच घट्ट घ्यावे. सगळीं कडीं एका रेषेंत आल्याची खात्री झाल्यावर वर एपॉक्सीचा पातळ हात द्यावा. जालन्याच्या उन्हाळ्यांत तो लवकर घट्ट होतो, म्हणून थोडा थोडाच कालवावा. ओघळ येऊं नये यासाठीं काठी आडवी ठेवून तो आवळेपर्यंत सारखी हळूहळू फिरवीत राहावें लागतें. हें काम घरांतल्या मुलांना पाळीपाळीनें वांटून द्यावें. दुसरा हात दुसऱ्या दिवशीं.

समुद्रावरून परत आल्यावर प्रत्येक वेळीं कडीं गोड्या पाण्यानें धुवावीं. आणि जालन्याहून आगगाडीनें मुंबईस व तेथून कोंकण रेल्वेनें रत्नागिरीस काठी नेतांना तिचे तुकडे एकमेकांवर घासूं नयेत म्हणून प्रत्येक कड्यावर जुन्या धोतराची पट्टी गुंडाळावी.